सँडर घ्यायचाय: बेल्ट, पॅड की रँडम ऑर्बिटल? (सागवानी दारं, व्हिनिअर, जुना रंग)

जांबोटी_नाका, खानापूर

मंडळी नमस्कार. सुतारकामाचं लहान शेड आहे, सगळं पेपर मारणं हातानंच चालतं. आता मशीन घ्यायची आहे, पण सुरुवातीला एकच. कामं अशी:

सागवान आणि मत्तीची (ऐनाच्या लाकडाची) दारं-चौकटी, ३५ मिमी जाडीची, रंधा मशीनवरून काढलेली. ४ मिमी व्हिनिअर प्लाय लावलेली कपाटं. अधूनमधून देव्हारे, म्हणजे नक्षी आणि कोपरे आलेच. आणि जुन्या घरांची दारं, ऑइल पेंटचे थरावर थर चढलेली.

दुकानात बेल्ट सँडर १२०० वॅटचा दाखवतात, गोल पॅडचा ३०० वॅटचा. वॅट बघितले तर बेल्टच घ्यावा वाटतो. ग्राइंडरला वेल्क्रो पॅड लावा, वेगळी मशीन कशाला, असंही सांगणारे आहेत. जाणकारांनी कामावरून सांगा की, आधी कुठली घ्यावी आणि का?

पॉलिशमेस्त्री, वडगाव

वॅट बाजूला ठेवा दादा. पेपरचा एक दाणा लाकडावर कसा फिरतो आणि किती वेगानं फिरतो, एवढंच डोळ्यासमोर आणा. निवड तिथंच होते.

बेल्ट सँडरचा पट्टा एकाच दिशेनं सरळ पळतो, मिनिटाला २५० ते ५०० मीटर. ४०० धरला तर दाणा सेकंदाला साडेसहा मीटरच्या वर जातो. लाकूड भराभर उतरतं आणि चरे सरळ, लांब, खोल पडतात.

पॅड सँडर म्हणजे चौकोनी तळाची मशीन. तिचा तळ फिरत नाही, दीड-दोन मिमीच्या वर्तुळात नुसता थरथरतो, मिनिटाला १४,००० वेळा. दीड मिमीच्या वर्तुळाला हिशेब केला तर दाणा सेकंदाला १ मीटरपेक्षा जरा जास्त सरकतो. काम हळू, पण चौकोन असल्यामुळे कोपऱ्याला भिडते.

रँडम ऑर्बिटलमध्ये तीच थरथर साधारण २.५ मिमीची, मिनिटाला १२,००० पर्यंत, आणि वर पॅड स्वतःभोवतीही सावकाश फिरतं. दाणा सेकंदाला दीड मीटरच्या आसपास जातो. दोन हालचाली एकत्र असल्यामुळे कुठलाही दाणा पुन्हा त्याच वाटेनं जात नाही. चरे एकमेकांना कापत जातात आणि डोळ्याला दिसेनासे होतात. उभी पट्टी आणि आडवी पट्टी जिथं जोडली आहे तिथं लाकडाच्या रेषेची, म्हणजे तंतूंची, दिशा बदलते. तो जोड ही मशीन सरसकट घासू शकते.

आता ग्राइंडर. ४ इंची, ११,००० फेरे. पॅडच्या कडेला दाणा सेकंदाला ५७ मीटरनं धावतो, म्हणजे बेल्टच्याही आठपट. लाकडाला एवढा वेग सोसत नाही. सागवान काळं पडतं, कोयरीच्या आकाराचे खड्डे पडतात, आणि ते सीलर (पॉलिशआधीचा पहिला हात) मारल्यावरच दिसतात.

तुमच्या चारपैकी तीन कामांना १२५ मिमी रँडम ऑर्बिटल, वेग कमी-जास्त करता येणारा. पहिली मशीन हीच.

चौकट_नंदगड

मेस्त्रींच्या मताशी बऱ्यापैकी सहमत. पण दारं-चौकटी हे रोजचं काम असेल तर बेल्टला इतक्या लवकर बाजूला सारू नका. चूल-भोक (एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत) बसवून दार घट्ट केलं की उभी आणि आडवी पट्टी एका पातळीत कधीच येत नाही. अर्धा मिमी, कधी एक मिमीचा उंचवटा राहतो. तो रँडम ऑर्बिटलनं काढायला गेलात तर ६० नंबरचे (नंबर लहान तितका दाणा जाड) पेपर संपतील, आणि पॅडखाली मऊ स्पंज असल्यामुळे उंचवटा सपाट न होता गोलसर होईल. बेल्टचा तळ कडक आणि लांब असतो, तो फक्त उंच भाग उतरवतो.

बेल्टचे माप बघून घ्या. ७५ × ५३३ मिमी आणि १०० × ६१० मिमी ही मापं चालतात. दारासाठी १०० × ६१० चांगला, पण वजन पाच किलोच्या पुढं जातं. उभ्या चौकटीवर धरून काम करायचं तर ७५ चा बरा. दुकानात मशीन बघण्याआधी त्या मापाचे ६०, ८०, १२० नंबरचे पट्टे तिथं कायम मिळतात का ते विचारा. पट्ट्यासाठी दर वेळी बेळगाव नाहीतर कोल्हापूर गाठावं लागलं तर मशीन पडून राहते.

चालवण्याची पद्धत:

पट्टा चढवताना आतल्या बाजूचा बाण आणि मशीनवरचा बाण एकाच दिशेला. बाण उलटा राहिला तर जोडाची कड लाकडात अडकते आणि पट्टा फाटतो. ज्या पट्ट्यांचा जोड टोकाला टोक लावून मागून टेपनं केलेला असतो त्यांना दिशा नसते, त्यांच्यावर बाणही नसतो.

मग मशीन उलटी धरून क्षणभर चालू करा आणि बाजूची गुंडी फिरवून पट्टा रोलरच्या कडेशी बरोबर आणा. पट्टा आत सरकला तर मशीनची बॉडी कापतो, बाहेर सरकला तर निसटतो.

लाकडावर ठेवताना मशीन आधी चालू, मागची टाच आधी टेकवायची, पुढचा भाग नंतर. उचलताना चालू असतानाच उचलायची. मध्ये एक क्षण जरी थांबलात तरी पट्ट्याच्या रुंदीएवढी घळ पडते, आणि ती भरून काढायला पूर्ण दार खाली घ्यावं लागतं.

पहिला हात रेषेला ४५ अंशाच्या तिरप्यात दोन्ही बाजूंनी, म्हणजे पातळी येते. नंतर त्याच नंबरनं रेषेच्या दिशेनं. जोडावर आधी आडवी पट्टी, मग उभी, म्हणजे आडवीवरून उभीवर गेलेले चरे शेवटच्या हातात निघतात. वजन मशीनचं पुरे, हातानं फक्त दिशा द्यायची.

जांबोटी_नाका, खानापूर

अण्णा, हा उंचवट्याचा मुद्दा पटला. मग रंधा हातानं मारून पातळी काढली आणि पुढं रँडम ऑर्बिटल, असं चालेल का? मत्तीला रंधा मारला की सालं निघतात, ती अडचण आहे.

चौकट_नंदगड

सागवानाला चालेल. पातं धारदार हवं आणि जोडावर रंधा तिरका धरून मारायचा. मत्ती, किंदळ यांची रेष आत उलटसुलट वळलेली असते. एका वितीवर रंधा सुलट जातो, पुढच्या वितीवर उलट, आणि तिथं साल उपटून येते. अशा लाकडाला बेल्ट नाहीतर ६०-८० नंबरचा रँडम ऑर्बिटलच लागतो, कारण पेपरच्या दाण्याला सुलट-उलट नसतं.

पॉलिशमेस्त्री, वडगाव

व्हिनिअरवर बेल्ट अजिबात नको, एवढं मात्र ठळक लिहा. ४ मिमीच्या शीटवर सागाचा वरचा थर अर्ध्या मिमीच्या आसपास असतो. फॅक्टरीतून तो एकदा घासूनच आलेला असतो. बेल्टचा एक चुकीचा क्षण आणि खालची आडवी पापडी दिसायला लागते. आधी लालसर डाग वाटतो, पुसायला जाल तर मोठा होतो. त्यावर उपाय नाही, तो तुकडा बदलावा लागतो.

व्हिनिअरला रँडम ऑर्बिटल, वेग अर्ध्यावर, १५० पासून सुरुवात आणि १८० वर शेवट. आधी पेन्सिलीनं सगळ्या पृष्ठभागावर फिक्या नागमोडी रेघा ओढा. रेघा गेल्या की थांबा. एका जागी रेघ राहिली म्हणून तिथंच मशीन दाबून धरू नका, ती हातानं लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून काढा. कडेला आलं की पॅडचा एकतृतीयांशापेक्षा जास्त भाग बाहेर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर मशीन कलते आणि कड खाते. कडेचे दोन बोटं रुंद भाग शेवटी हातानंच करा.

रंगकाम_निपाणी

ग्राइंडरच्या मुद्द्यावर आणखी थोडं. लोखंडी ग्रिल, गेट, वेल्डिंगचे टाके यांना ग्राइंडर आणि फ्लॅप डिस्क (पेपरच्या पट्ट्यांची चकती) बरोबर आहे. लाकडाला लावायचाच असेल तर ओंडक्याची साल, कुजका भाग काढण्यापुरता. पाच इंची रबर पॅड ४ इंची ग्राइंडरला लावू नका. पॅडवर लिहिलेले जास्तीत जास्त फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतात, आणि पॅड मोठं म्हणून गार्ड काढावा लागतो. पॅड फुटलं तर तुकडा चेहऱ्याच्या उंचीलाच येतो.

जुन्या ऑइल पेंटबद्दल: मशीन लावण्याआधी रंगाचं वय बघा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडं २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः पिवळा, हिरवा, लाल या गडद रंगांत शिसं असू शकतं. सुकं घासलं की ते पिठासारखं हवेत जातं. घरात लहान पोरं असतील तर हे फार वाईट. असा रंग हीट गननं मऊ करून पत्र्यानं खरवडून काढा. गनचं तापमान ५०० अंशाच्या खाली ठेवा, त्याच्या वर शिशाची वाफ सुटायला लागते. उरलेलं वॉटर पेपरनं ओलं करून घासा. खरवड पेपरात गुंडाळून वेगळी बांधा, अंगणात झटकू नका, चुलीत जाळू नका.

रंग बहुतेक निघाल्यावर मग मशीन. त्यासाठी ६० किंवा ८० चा ओपन कोट पेपर मागा. त्यात दाणे विरळ असतात, रंग मध्ये साचत नाही. साध्या पेपरवर रंग वितळून मण्यासारखे गोळे चिकटतात आणि त्याच गोळ्यांचे चरे पडतात.

चौकोनी_ठोकळा, चिकोडी

सगळे रँडम ऑर्बिटलच्या मागं लागलेत, पण देव्हारा आणि कपाटाच्या आतल्या कोपऱ्याचं काय? गोल पॅड कोपऱ्यात जात नाही, भिंतीला आपटून दुसऱ्या बाजूला घाव घालतं. पाव शीटचा पॅड सँडर स्वस्त आहे आणि त्याला वेल्क्रोचा महागडा पेपर लागत नाही. साधी २३० × २८० ची शीट घ्या, चार तुकडे करा, ११५ × १४० चा एक तुकडा दोन क्लिपांत बसतो. तुकडा फाडण्याआधी मागची बाजू टेबलाच्या कडेवर दोनदा ओढून मऊ करा, म्हणजे क्लिपेपाशी तुटत नाही. पेपर ढिला बसला तर पेपर जागीच राहतो, खालचं पॅड हलतं, आणि घासणं शून्य. पॅड सँडरनं काहीच होत नाही अशी तक्रार असते तेव्हा कारण बहुतेक हेच असतं.

भुसा ओढायची भोकं पाडायला सोबत प्लास्टिकची छिद्रपट्टी येते, तिच्यावर पेपर दाबूनच भोकं पाडा.

नक्षीसाठी मात्र कुठलीच मशीन नको. त्रिकोणी डेल्टा सँडर जाळीच्या कोपऱ्यापर्यंत जातो, पण नक्षीची धार मारतो. पेपरची सुरळी, काडीला चिकटवलेली पट्टी, स्पंज पेपर यांनीच करा.

मच्छे_टूल्स

आता मशीन हातात आल्यावर काय बिघडतं ते.

रँडम ऑर्बिटलनं सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे जोर. हात दाबला की पॅडचं स्वतःभोवती फिरणं थांबतं आणि नुसती थरथर राहते. मग डुकराच्या शेपटीसारखी बारीक वेटोळी पडतात. कोरड्या लाकडावर दिसत नाहीत. डाय (पॉलिशआधी लाकडाला द्यायचा रंग) लावला की प्रत्येक वेटोळ्यात रंग जास्त भरतो आणि संपूर्ण दार वेटोळ्यांनी भरल्यासारखं दिसतं. पॅडच्या कडेवर मार्करनं एक काळी खूण करून ठेवा. काम करताना ती खूण फिरताना दिसली पाहिजे. थांबली, की हात हलका करा.

दुसरं कारण, पेपरखाली अडकलेला सुटा दाणा. ८० चा एक दाणा लाकडावर राहिला आणि तुम्ही १८० लावलात तर तो दाणा पॅडखाली फिरत राहतो. म्हणून नंबर बदलताना ब्रशनं किंवा हवेनं पृष्ठभाग साफ, आणि पॅडवरूनही हात फिरवायचा.

तिसरं, घाई. मशीन सेकंदाला एक इंच, इतक्या सावकाश सरकवायची. लोक इस्त्री फिरवल्यासारखी फिरवतात.

बेल्ट चालू करून ठेवायचा असतो, रँडम ऑर्बिटल बरोबर उलट: आधी लाकडावर टेकवायचा, मग स्विच. हवेत चालू केला तर पॅड जोरानं फिरू लागतं आणि टेकवताक्षणी अर्धचंद्राकार घाव पडतो. चांगल्या मशीनमध्ये पॅडच्या मागं रबराची ब्रेक रिंग असते, ती हवेतल्या फिरण्याला आवर घालते. दुकानात मशीन हवेत धरून चालू करा. पॅड सावकाश फिरलं तर ब्रेक ठीक. पंख्यासारखं सुसाट फिरलं तर नाही. वापरून वापरून ही रिंग झिजते, तेव्हा पूर्ण मशीन बदलायची नसते, रिंग वेगळी मिळते.

वेल्क्रोचे आकडे उष्णतेनं वितळतात. एका जागी दाबून, पॅडची भुसा ओढायची भोकं बंद झालेली असताना चालवलं की पॅडचा मधला भाग चकचकीत होतो आणि पेपर उडून जातो. मशीन घेताना एक जादा पॅड सोबतच घ्या.

जांबोटी_नाका, खानापूर

खूप उपयोगी माहिती आहे, धन्यवाद. पेपरच्या नंबरांचं जरा खुलासेवार सांगाल का? इथं ८० मारून थेट २२० मारायची पद्धत आहे.

पॉलिशमेस्त्री, वडगाव

तीच पद्धत पॉलिश बिघडवते. पेपरच्या मागं पी अक्षर आणि नंबर असतो. पी ८० चा दाणा सरासरी २०१ मायक्रॉन, पी १२० चा १२५, पी १८० चा ८२, पी २२० चा ६८. म्हणजे ८० च्या चऱ्यांवर तुम्ही त्याच्या एकतृतीयांश दाणा चालवताय. तो चऱ्याच्या दोन बाजूंची शिखरं गुळगुळीत करतो, तळ तसाच राहतो. हाताला रेशमासारखं लागतं, पण मेलामाइन (वरचं पॉलिश) चढलं की चरा वर येतो.

प्रत्येक वेळी साधारण दीडपट वर जा. रंधा मशीनवरून आलेल्या सागाला ८०, १२०, १८०. रंधा फार स्वच्छ असेल तर १२० पासून. ८० नं लाकडाचा आकार आणि पात्याच्या लाटा काढायच्या, पुढच्या नंबरांनी फक्त मागच्या नंबरचे चरे काढायचे. त्यामुळे पहिल्या नंबरला निम्मा वेळ द्या. घाई करायची असेल तर शेवटी करा, सुरुवातीला नाही.

डाय मारायचा असेल तर १८० वर थांबा. २४०-३२० पर्यंत नेलं तर लाकडाची तोंडं बंद होतात आणि डाय फिका बसतो. पट्टीचं टोक, जिथं रेष उभी कापली आहे, ते मात्र एक नंबर वर, २२० पर्यंत न्या, नाहीतर ते डाय पिऊन काळं पडतं.

१८० झाल्यावर ओल्या फडक्यानं दार पुसा, पूर्ण वाळू द्या. उभे राहिलेले लाकडाचे केस (तंतू) हातानं १८० च्याच वापरलेल्या पेपरनं, रेषेच्या दिशेनं दोन हात मारून काढा. मग सीलर. सीलरवर ३२० हातानं, किंवा मशीनवर स्पंज पॅड घालून सगळ्यात कमी वेगानं. सीलर गरम झाला की पेपरला चिकटतो, म्हणून त्याला पांढरट पावडरीचा स्टिअरेट पेपर मागा.

तपासणीसाठी मोबाइलची टॉर्च लाकडाला चिकटून आडवी धरा, वरून नाही. आणि थिनरचं फडकं एकदा फिरवा: ओलं असेपर्यंत पॉलिशनंतर काय दिसणार ते दिसतं. सागवान तेलकट असल्यामुळे थिनर पुसणं मेलामाइन धरण्यासाठीही चांगलं.

उद्यमबाग_पॅटर्न

इथं एक प्रकार राहिला, उभी डिस्क सँडर. फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा करायला वाळूत दाबायचे नमुने) करताना हातातल्या मशीनपेक्षा हिचाच उपयोग जास्त. ३०० मिमीची डिस्क, १४०० फेऱ्यांची मोटर, पुढं तिरपं होणारं टेबल. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूला १ ते २ अंश उतार द्यावा लागतो. टेबल तेवढं तिरपं करून गुण्या-बेव्हल लावून बघायचं आणि सगळ्या बाजू एकाच सेटिंगला घासायच्या. हातातल्या रँडम ऑर्बिटलनं हा उतार कधीच सारखा येत नाही.

लाकूड डिस्कच्या खाली जाणाऱ्या अर्ध्यावरच धरायचं. वर जाणाऱ्या बाजूला धरलं तर तुकडा हवेत उडतो. सतत सरकवत राहायचं, नाहीतर टोक जळतं. बिडाच्या ओतकामाला मीटरमागं १० मिमीच्या आसपास आकसणं धरलेलं असतं, त्यामुळे माप काढताना आकसणीच्या पट्टीवरूनच घासायचं, साध्या पट्टीवरून नाही.

दारं-कपाटांसाठी ही मशीन नको. पण फ्रेमच्या पट्ट्यांची टोकं ४५ अंशात जुळवायला, गोल तुकडे काढायला फार कामाची.

रंगकाम_निपाणी

हवेवर चालणाऱ्या डीए (ड्युअल अॅक्शन, म्हणजे रँडम ऑर्बिटलच) सँडरबद्दल कोणी विचारण्याआधी सांगतो: हलका, शॉक लागत नाही, ओलं घासता येतं, गाड्यांच्या रंगकामाला उत्तम. पण त्याला ६ बारवर मिनिटाला ८ ते १२ घनफूट हवा सलग लागते. १ एचपीच्या कॉम्प्रेसरमधून ३-४ घनफूट निघते. अर्ध्या मिनिटात टाकी रिकामी, आणि पॅड मंदावतं. ३ एचपीच्या खाली विचार करू नका.

भिंतीच्या पुट्टीसाठी लांब दांड्याचा २२५ मिमीचा सँडर येतो. तो लाकडाला लावू नये, तळ फार मऊ असतो.

मच्छे_टूल्स

खानापूर-जांबोटी म्हणजे पावसाचं गाव, म्हणून ही गोष्ट मुद्दाम लिहितो. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर स्थिरावली की लाकूड १८ टक्क्यांच्या आसपास ओल धरतं. अशा लाकडाचा भुसा पिठासारखा उडत नाही, लुसलुशीत धागे निघतात आणि पेपर दोन मिनिटांत बुजतो. दोष मशीनचा नाही, पेपरचाही नाही. फर्निचरला १२ टक्क्यांच्या आसपासचं लाकूड हवं. जूनच्या आधी घासून एक हात सीलर मारून ठेवलेलं दार पावसात बरं राहतं.

कागदी डिस्क पावसात वाटीसारख्या वळतात. त्या झाकणाच्या डब्यात, वर सपाट फळीचं वजन ठेवून ठेवा. बेल्ट खिळ्याला टांगू नका, तिथं घडी पडते आणि तीच घडी दर फेऱ्याला लाकडावर ठोका देते. जाड पाइपवर टांगा. फार दिवस पडलेल्या बेल्टचा जोड हातानं वाकवून बघा, डिंक सुटला असेल तर तो चढवू नका.

बुजलेला बेल्ट टाकू नका. क्रेप रबराचा ठोकळा, नाहीतर जुन्या बुटाचा क्रेप सोल चालत्या पट्ट्यावर धरा, भुसा आणि राळ त्यात निघून येते. फणसाच्या लाकडाला हे दर थोड्या वेळानं करावं लागतं. पेपर साफ आहे पण बारीक पीठच पडतंय आणि मशीन नुसती घसरतेय, तर दाणा गेला. तो पेपर बदला, जोर देऊ नका.

चौकट_नंदगड

धुळीचं राहिलं. लाकडाचा भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातलेला आहे. सागाच्या पिठानं काहींच्या अंगाला खाज उठते, डोळे चुरचुरतात. रुमाल बांधून काही होत नाही, त्यातून बारीक पीठ जातं. एन ९५ मास्क, नाकाच्या पट्टीला दाबून घट्ट. एमडीएफ घासताना तर न चुकता.

मशीनची पिशवी निम्मी भरली की रिकामी करा, भरली की ओढ कमी होते. व्हॅक्युम जोडला तर फार फरक पडतो, पेपरही जास्त टिकतो, कारण भुसा दाण्यांमध्ये साचत नाही. पेपर चढवताना पेपरची आठ भोकं पॅडच्या आठ भोकांवर तंतोतंत आली पाहिजेत. पाव इंच सरकली तरी व्हॅक्युमचा काही उपयोग नाही.

जुन्या चौकटीत खिळा असेल तर बेल्ट लावण्याआधी तो ठोकून आत घाला किंवा उपटा. पट्टा खिळ्यावर गेला की ठिणगी थेट पिशवीत जाते. पॉलिश घासलेला भुसा आत असला तर तो धुमसत राहतो आणि रात्री पेट घेतो. संध्याकाळी पिशवी शेडबाहेर रिकामी करायची.

जांबोटी_नाका, खानापूर

ठरलं. आधी १२५ चा रँडम ऑर्बिटल, आणि जोडाच्या पातळीसाठी दुसऱ्या टप्प्यात ७५ × ५३३ चा बेल्ट. कोपऱ्यांसाठी सध्या हातच. एक शेवटचं: दोन मशीन बघितल्या, एकीवर ऑर्बिट २.५ मिमी लिहिलंय, दुसरीवर १.२५. दुसरी निम्मी घासते का?

मच्छे_टूल्स

नाही, बहुतेक दोन्ही सारख्याच आहेत. काही कंपन्या वर्तुळाचा व्यास लिहितात, काही त्रिज्या. १.२५ त्रिज्या म्हणजे २.५ व्यासच. खात्री करायची तर मशीन बंद ठेवून पॅडचा मधला स्क्रू बघा, मोटरच्या मध्यापासून तो किती बाजूला आहे. जेवढा बाजूला तेवढी त्रिज्या. ५ मिमी व्यासाच्या मशीन बहुतेक १५० मिमी पॅडमध्ये येतात. त्या दुपटीनं लाकूड काढतात, पण व्हिनिअरला त्या नकोत.

घेताना एवढं बघा: वेगाची चकती आहे का, पॅड आठ भोकांचं आहे का, जादा पॅड आणि मोटरच्या कार्बन ब्रशची जोडी त्याच दुकानात मिळते का, आणि बिलावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीला तोच विचारतात. पेपर ८०, १२०, १८० चे समान घेऊ नका. ८० चे दुप्पट घ्या, तेच आधी संपतात.